यारीवरील ओझे आणि अवचित वारा

यारीने, म्हणजेच क्रेनने, उचलावयाचे ओझे जितके जड तितका धोका अधिक, असा सर्वसाधारण समज आहे. हवा स्तब्ध असता तो बहुतांशी खराही ठरतो. वारा सुटला म्हणजे मात्र ओझ्याच्या वजनाबरोबर त्याचे क्षेत्रफळही विचारात घ्यावे लागते. आणि नेमका हाच विचार कामाच्या घाईत राहून जातो.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदास १० मीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे ६ किलोग्रॅम भाराइतका दाब देतो. वेग दुप्पट होताच दाब चौपट होतो. ४ मीटर रुंद, ५ मीटर उंच व १ टन वजनाचा फलक ३० मीटर लांबीच्या तारदोरास टांगला आहे, असे समजू. चपट्या आकारामुळे होणारा वाढीव रोध हिशेबात धरल्यास, सेकंदास १० मीटर वेगाचा समोरून येणारा वारा त्यास सुमारे १५० किलोग्रॅम बळाने आडवा रेटतो आणि फलक ओळंब्यापासून ४ मीटरांहून अधिक दूर जातो. तेवढ्याच वजनाचा भरीव पोलादी ठोकळा जेमतेम हलतो.

त्यातून वारा एकसारखा न वाहता झोतांनी येतो. दोरावरील ओझे हा एक लंबकच होय. ३० मीटर दोरावर त्याचा दोलनकाल सुमारे ११ सेकंद असतो. झोतांचा ताल या दोलनाशी जुळला, तर झोका वाढत जातो. शिवाय यारीची भुजा मुख्यतः उभा भार पेलण्यासाठी घडविलेली असते. बाजूची ओढ सोसण्याची तिची शक्ती त्या मानाने फार थोडी.

याचे दारुण प्रत्यंतर अमेरिकेतील मिलवॉकी येथे १४ जुलै १९९९ रोजी आले. क्रीडागाराच्या छताचा ४०० टनांहून अधिक वजनाचा भाग उचलीत असता प्रचंड यारी कोसळली आणि दुसऱ्या यारीच्या पाळण्यातील तीन कामगार प्राणास मुकले. यारीवर येणारा वाऱ्याचा भार विचारात घेतलेला होता. छताच्या विस्तीर्ण पृष्ठावर येणाऱ्या भाराचा हिशेब मात्र झाला नव्हता.

म्हणून वेगमापक यंत्र जमिनीवर नव्हे, तर भुजेच्या टोकाशी असावे. कारण उंचीवर वारा अधिक असतो. उत्पादकाने दिलेली वेगमर्यादा रुंद ओझ्यासाठी आणखी खाली आणावी. ओझ्यास आवरदोर बांधावेत. परंतु ते ओझे फिरू नये एवढ्यापुरतेच होत. भरकटलेले ओझे माणसांच्या बळाने थोपवू जाणाऱ्या खलाशाचा जीव धोक्यात येतो. आपल्याकडे वळवाच्या दिवसांत पावसाआधीच गार वाऱ्याची लाट येऊन थडकते. ढग दाटलेले दिसताच ओझे उतरवावे, आणि काम थांबल्यावर मनोरा-यारीची भुजा वाऱ्याबरोबर फिरण्यास मोकळी सोडावी.

तात्पर्य, ओझे अधांतरी असता घेतलेला निर्णय बहुधा उशिराचा असतो. थांबण्याची मर्यादा उचलण्यापूर्वीच ठरलेली असावी, आणि ती पाळणाऱ्या चालकास कोणी दोष देऊ नये.