घाटात दम तुटला म्हणजे टर्बो गेला असं नव्हे

मालवणात दांडीच्या किनाऱ्यावरचा लिलाव उरकला की बर्फात दाबलेल्या बांगड्याची क्रेटं घेऊन पिकअप कोल्हापूरच्या वाटेला लागतात. कसाल, कणकवलीपर्यंत गाडी मुकाट पळते. फोंडा घाट सुरू झाला की मात्र दुसऱ्या गिअरमध्ये रडकुंडीला येते, मागे काळा धूर सोडते. दुसऱ्या दिवशी गॅरेजात बॉनेट उघडण्याआधीच निकाल तयार असतो: "टर्बो गेलो. बदलूचो लागतलो." हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. निकाल कधीकधी बरोबर ठरतो, पण तपासाआधी दिलेला निकाल बरोबर ठरला तरी त्याला निदान म्हणत नाहीत.

टर्बोचं काम थोडक्यात असं. सायलेन्सरकडे जाणारा धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. हे मिनिटाला लाख-दोन लाख फेऱ्यांच्या वेगाने चालतं. दाबलेली हवा टर्बोतून थेट इंजिनात जात नाही. आधी रबरी पाइप, मग ती गार करणारा इंटरकूलर, पुन्हा रबरी पाइप, अशी तिची वाट असते. या वाटेवर कुठेही चीर गेली, क्लिप सैल झाली, की हवा बाहेर आणि दोष टर्बोवर. भात्याला भोक पडलं म्हणून लोहार बदलावा, तसा हा प्रकार.

"मग सपाटीला गाडी नीट कशी चालते?" हा प्रश्न हमखास येतो. सपाटीला इंजिनावर ताण कमी, त्यामुळे दाबलेल्या हवेची फारशी गरजच पडत नाही. घाटात हिशोब बदलतो. मालासकट तीन टनांची गाडी, शंभर मीटरला सहा मीटर चढ आणि ताशी ३० किलोमीटर वेग धरला, तर नुसतं वर चढायलाच सुमारे २० अश्वशक्ती जास्तीची लागते. सपाटीला लपलेली गळती तिथे उघडी पडते.

त्यात आपला सिंधुदुर्ग जिल्हा गाडीला सोसणारा नाही. चिरेखाणींच्या रस्त्यांवरची लाल धूळ एअर फिल्टर बुजवते. पावसाळ्यात तोच कागदी फिल्टर ओला होऊन फुगतो. क्रेटांतून ठिबकणारं खारं पाणी आणि समुद्राची हवा इंटरकूलरचं ॲल्युमिनियम, सेन्सरचे कनेक्टर खाते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गाडी मांगराच्या आडोशाला उभी राहते आणि उंदीर टर्बोचा दाब सांभाळणाऱ्या ॲक्च्युएटरला जाणारी बारीक व्हॅक्यूम नळी कुरतडतात. नळी तुटली की टर्बो ठणठणीत असूनही हवा दाबत नाही. ही नळी शे-दोनशे रुपयांची, टर्बो हजारोंचा. कुठल्या टोकापासून तपास सुरू करायचा, हे वेगळं सांगायला नको.

गॅरेजात गिऱ्हाइकाला पटवण्यासाठी तीन पुरावे दाखवले जातात, आणि खरा राग येतो तो यांचा. पहिला, दांडा बोटाने हलवून, "बघा, हलता." अहो, हलणारच. बहुतेक टर्बोंचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. इंजिन बंद असताना त्यात आडवी थोडी ढिलाई असते, आणि ती असायलाच हवी. चक्राची पाती कवचाला घासत असतील किंवा दांडा पुढे-मागे सरकत असेल, तर दोष मानावा.

दुसरा, पाइपातलं तेल. इंजिनच्या पोटातली वाफ पुन्हा हवेच्या वाटेवर सोडलेली असते, म्हणून पाइपात तेलाचा ओशटपणा साचतो. तेल वाहत असेल, निळा धूर येत असेल, ऑइल वारंवार कमी होत असेल, तर ती गोष्ट वेगळी.

तिसरा पुरावा आधुनिक आहे: स्कॅनरवरचा 'पी ०२९९' कोड. याचा अर्थ एवढाच, की अपेक्षेपेक्षा हवेचा दाब कमी मिळाला. का मिळाला, हे कोड सांगत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, टर्बो बनवणाऱ्यांवर ठेवा. गॅरेट, बोर्गवॉर्नर यांच्यासारख्या कंपन्यांच्याच मार्गदर्शिका बजावतात, की टर्बोला हात लावण्याआधी फिल्टर, गळती आणि तेलाचा पुरवठा तपासा. टर्बो मरतो तोही बहुधा घाण किंवा अपुऱ्या तेलाने, नाहीतर फिल्टर ओलांडून आत गेलेल्या खड्याने. ते कारण तसंच ठेवून नवा बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

घाटात हवा विरळ, म्हणून गाडी ओढत नाही, हा दुसरा लाडका समज. घाटमाथ्यावरचं आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर. तिथे हवेचा दाब मालवणपेक्षा जेमतेम आठ टक्क्यांनी कमी, आणि ती तूट भरून काढणं टर्बोला जमतं. जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर, १४ हजार फुटांवर, विमानाचं इंजिन नेऊन हेच सिद्ध केलं होतं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं इंजिन वर टर्बोविना २३० वर आलं, टर्बो लावल्यावर ३५६ वर गेलं. आंबोलीचं काय घेऊन बसलात!

ताकद कमी होण्याची बाकीची कारणं आणि समज चटकन उरकू. आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही? क्लच प्लेट बघा. गाडी थांबवल्यावर एखादं चाक भाजण्याइतकं तापलेलं? गंजून अडकलेला ब्रेक. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढून किती महिने झाले, तेही आठवा. कागदी फिल्टर कंप्रेसरच्या जोरदार हवेने झाडला की नवा होत नाही, फाटतो. घाट चढून आल्यावर अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवणं चांगलं, बाजारात जाऊन आल्यावर पाच मिनिटं ठेवणं म्हणजे डिझेल जाळणं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो तुंबला तरी ताकद कमी होते, आणि काजळी जळायला सुमारे ६०० अंशांची उष्णता लागते. ती मालवण-देवबाग अशा छोट्या फेऱ्यांत मिळत नाही, हायवेवर सलग चालवल्यावर मिळते. डीपीएफ किंवा ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) काढून टाकणं हा उपाय नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल चालत नाही.

तेव्हा टर्बो बदलायला होकार देण्याआधी मेकॅनिकला तीन प्रश्न विचारा. पाइपात हलक्या दाबाने हवा भरून, साबणाचं पाणी लावून गळती पाहिली का? स्कॅनर लावून, भरलेली गाडी चढावर नेऊन हवेचा दाब मोजला का? आणि जुना टर्बो गेला असेल, तर कशाने गेला? उत्तरं मिळेपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका, आणि बदलायची वेळ आलीच तर जुना टर्बो मागून घ्या.