जुन्या ट्रॅक्टरचा दम का जातो?

आमचा धंदा कापडाचा. पण मालेगावजवळच्या एका खेड्यात वडिलोपार्जित थोडी जमीन आहे, आणि तिच्यासाठी जुना घेतलेला मेसी १०३५ आहे. तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन, वय झालेले. २०१९ साली ऐन पेरणीच्या तोंडावर त्याने दम सोडला. सकाळी अर्धा तास नांगर चांगला ओढी, मग आवाज बसत जाई आणि तासातच बंद पडे. दहा मिनिटे उभा ठेवला की पुन्हा चाले.

एका मिस्त्रीने कान लावला आणि निकाल दिला, "इंजिन बोअरला आलंय." लायनर, पिस्टन, रिंगा, मजुरी धरून ४०,००० रुपये. पेरणी थांबलेली, पाऊस डोक्यावर; मी पैशांची जुळवाजुळव सुरू केली होती. तेवढ्यात शेजारच्या शेतकऱ्याने एका म्हाताऱ्या मिस्त्रीला आणले. त्यांनी पान्याला हात लावला नाही. आधी विचारले, "शेठ, धूर कोणता निघतो?"

मी म्हणालो, "चाचा, धूर तर निघतच नाही."

"मग बोअर कसा जाईल? तेल जळतं तर निळा धूर दिसला असता."

त्यांनी ट्रॅक्टर बंद पडेपर्यंत चालवायला लावला आणि लगेच डिझेल टाकीचे झाकण सैल केले. सूं करून हवा आत गेली. पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून ड्रायव्हरने झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी लावली होती, आणि झाकणाचे बारीक भोक चिखलाने बुजले होते. टाकीतून जेवढे डिझेल जाते तेवढी हवा आत यावी लागते. ती न आल्यास टाकीत ओढ तयार होते आणि पंपाला डिझेल अपुरे पडते. उभा ठेवला की हवा हळूहळू झिरपते, म्हणून पुन्हा चालतो. रोग एवढाच होता.

धूर ही इंजिनाची नब्ज आहे, हे त्या दिवशी कळले. ताकद नाही आणि धूरही नाही, तर डिझेल पोहोचत नाही असे समजावे: झाकण, टाकीची जाळी, फिल्टर, फीड पंप, नाहीतर लाईनमध्ये धरलेली एअर. अ‍ॅक्सिलरेटरची दांडी पंपावर पूर्ण खेचली जाते की नाही हेही पाहावे. झिजलेल्या सांध्यामुळे ती अर्ध्यावरच थांबते. काळा धूर असेल तर हवा कमी पडते किंवा नोजल नीट फवारत नाही. मळणीच्या दिवसांत भुसा एअर क्लीनरच्या जाळीत बसतो. कापडवाल्याला हे समजावावे लागत नाही, लूमच्या खात्यातली रुई कुठे कुठे शिरते ते आपण रोज पाहतो. एअर क्लीनरची वाटी धुऊन खुणेपर्यंतच तेल भरावे. जास्त भरले तर इंजिन ते ओढून घेते आणि बेफाम पळू शकते. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर टायमिंग, नोजल किंवा कॉम्प्रेशन तपासावे लागते.

कोणता सिलिंडर काम करत नाही, हे शोधायला मिस्त्री इंजिन हळू चालू ठेवून नोजलच्या पाईपचा एकेक नट किंचित सैल करतात. ज्याच्या वेळी आवाज बदलत नाही तो सिलिंडर मेलेला. हे मालकाने स्वतः करू नये. त्या दाबाचे डिझेल कातडीत घुसते.

बोअर खरोखर जातोही. निळा धूर, तेलाचा खप, ब्रीदरमधून जोराने बाहेर येणारी वाफ, सकाळी सुरू व्हायला त्रास, ही चिन्हे एकत्र दिसली तर खर्चाला पर्याय नाही. आणि क्लच सरकत असेल तर इंजिन जोरात फिरते पण चाक ओढत नाही; त्यात इंजिनाचा गुन्हा नाही.

आता माझी चूक. काम झाल्यावर चाचांच्या हातावर मी २०० रुपये ठेवले, कारण पिशवीच तर काढली होती. त्यांनी काही न बोलता घेतले. पहिल्याला मात्र मी ४०,००० द्यायला निघालो होतो. कापडात माल पारखणाऱ्या दलालाला आपण दलाली देतो. गॅरेजमध्ये पारख फुकट मागतो. मग मिस्त्रीला मिळकत पार्ट बदलण्यातच उरते आणि इंजिन खोलले जाते. गॅरेजवाल्या भावांनी सरळ पाटी लावावी: तपासणीची मजुरी वेगळी, काम इथेच केले तर बिलातून वजा.

दुसऱ्या वर्षी नोजल तपासायची वेळ आली, तेव्हा मी चाचांकडे गेलो. आधी तपासणीचे पैसे ठरवले, मग ट्रॅक्टर उभा केला.