१५ ऑगस्टच्या सुट्टीत मुंबईला खरेदीला निघालात? आधी हे वाचा!



सीझनच्या खरेदीवरच्या व्हिडिओत मी एक वाक्य बोललो होतो: "ज्या दिवशी तुम्ही मोकळे असता, त्या दिवशी होलसेलवालाही मोकळा असतो." वेळ कमी होता, म्हणून तिथे फार खोलात गेलो नाही. आज सविस्तर सांगतो, कारण हे वाक्य मी पुस्तकातून शिकलेलो नाही. स्वतःचे पैसे घालवून शिकलोय.

माझी २०१५ ची फेरी

तेव्हा कराडला माझं गिफ्ट आर्टिकलचं छोटं दुकान होतं. राखी आणि गणपती तोंडावर आले होते. १५ ऑगस्टला आपलं दुकान बंदच असतं, मग एक दिवसही धंदा न बुडवता मुंबईची खरेदी उरकून घेऊ, असा हिशेब मी केला. हुशारीच वाटली मला ती! बायकोची भिशी लागली होती, तिचे ४० हजार रुपये घेतले आणि १४ च्या रात्री महालक्ष्मी पकडली.

सकाळी सीएसएमटीला उतरून दोन रिकाम्या बॅगा घेऊन अब्दुल रहमान स्ट्रीटवर गेलो. शटर, शटर आणि शटर! त्या वर्षी १५ ऑगस्ट शनिवारी आला होता, म्हणजे दुसऱ्या दिवशी रविवार, पुन्हा बंद. सोमवारी तर मला माझं दुकान उघडायचं होतं. शेवटी जे चार-दोन विक्रेते भेटले त्यांच्याकडून जवळपास रिटेलच्या भावात ६ हजारांचा माल घेतला आणि परत आलो. बायको काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा जावं लागलं. दोन फेऱ्यांचा खर्च आणि माल मात्र एकाच फेरीचा.

फेरीचा खर्च कुठे बसतो?

बरेच जण प्रवासखर्च घरखर्चात टाकतात. चूक! तो मालाच्या खरेदी किमतीत जातो. एक साधं उदाहरण घेऊ, आकडे तुमचे तुम्ही भरा.

- येण्या-जाण्याचं तिकीट: ९०० रु.
- लॉज: १,८०० रु.
- जेवण, टॅक्सी, हमाली: ८०० रु.
- एकूण: ३,५०० रु.

माल घेतला ४० हजारांचा आणि त्यावर तुम्हाला सुटतात २५ टक्के, म्हणजे १० हजार. त्यातून ३,५०० गेले, उरले ६,५००. आता तारीख चुकल्यामुळे दोनदा जावं लागलं, तर ७ हजार गेले आणि उरले फक्त ३ हजार. माल तोच, गिऱ्हाईक तेच, मेहनत दुप्पट. नफा खाल्ला तो कॅलेंडरने.

नेमकं काय काय बंद असतं?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी कामगारांना पगारी सुट्टी द्यायची असते. त्यामुळे प्रश्न फक्त शेठच्या शटरचा नसतो. माल काढून देणारा माणूस सुट्टीवर, हमाल गावाला आणि ट्रान्सपोर्टचं गोदामही बहुतेक बंद. ओळखीतून एखादं दुकान उघडून घेतलंत, तरी माल हलवणार कोण?

दक्षिण मुंबईतला होलसेल बाजार (क्रॉफर्ड मार्केटचा परिसर, मंगलदास मार्केट, लोहार चाळ, मस्जिद बंदर) रविवारीही बहुतांश बंदच असतो. दादरला वेगळीच गंमत, तिथे बऱ्याच दुकानांची सुट्टी सोमवारी. म्हणून "मुंबई कधी बंद?" असं विचारू नका. "माझा बाजार कधी बंद?" असं विचारा.

पैशांचं मात्र आता सोपं झालंय. एनईएफटी आणि आरटीजीएस सुट्टीच्या दिवशीही चालतात. पण यूपीआयला साधारण दिवसाला १ लाखाची मर्यादा असते आणि नवीन खातं जोडल्यावर बऱ्याच बँका पहिल्या दिवशी मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. व्यापाऱ्याचं खातं घरून निघायच्या दोन दिवस आधीच जोडून ठेवा.

खरी गर्दी आदल्या संध्याकाळी

इथे नवीन माणूस फसतो. त्याला वाटतं, १५ ला गर्दी असेल, आपण १४ लाच उरकून रात्री परत येऊ. पण जोडून सुट्टी आली की अर्धी मुंबई १४ च्या संध्याकाळीच गावाला निघते. रेल्वे फुल, एसटी फुल, खासगी बसचे भाव चढलेले, खंडाळ्याच्या घाटात गाड्यांची रांग. तुम्हाला मुंबईत यायला जागा मिळेल. मालाच्या बॅगा घेऊन परत जायला मिळणार नाही!

म्हणून तिकीट काढताना आधी परतीचं काढा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं. तत्काळच्या भरवशावर राहायचंच असेल, तर ते आदल्या दिवशी एसीला सकाळी १० वाजता आणि स्लीपरला ११ वाजता उघडतं, आणि ऑनलाइन काढायला आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं लागतं. ते ऐनवेळी जोडत बसू नका. आणखी एक, स्लीपरला माणशी ४० किलो सामान मोफत नेता येतं. त्यापेक्षा जास्त माल असेल तर तो ट्रान्सपोर्टनेच पाठवा.

यंदाचं कॅलेंडर उघडा

२०२६ मध्येही १५ ऑगस्ट शनिवारीच आहे, अगदी माझ्या २०१५ सारखा. अधिक मासामुळे सण मात्र उशिरा आहेत. राखी पौर्णिमा २८ ऑगस्टला, गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला. म्हणजे घाई करायचं कारणच नाही. मी असा कार्यक्रम आखेन:

१. सोमवार १० ऑगस्ट, रात्री: निघायचं.

२. मंगळवार ११: फक्त फिरायचं. किमान पाच दुकानांत भाव, कमीत कमी किती नग घ्यावे लागतात आणि खराब माल बदलून मिळतो का, हे वहीत लिहायचं. संध्याकाळपर्यंत खिशातून पैसे काढायचे नाहीत. सीएसएमटीवर उतरलात तर बाजार चालत गाठता येतो. उपनगरात उतरला असाल तर आता मेट्रो ३ ची सीएसएमटी आणि काळबादेवी ही स्टेशनं या बाजाराच्या जवळ आहेत.

३. बुधवार १२: सकाळी खरेदी, दुपारपर्यंत माल ट्रान्सपोर्टला देऊन बिल्टी ताब्यात घ्यायची. रात्री परत.

४. गुरुवार १३: तुम्ही तुमच्या दुकानात.

हे जमत नसेल तर थेट मंगळवार १८ ला या. सोमवार १७ टाळा, कारण दोन दिवसांच्या सुट्टीनंतर सगळे त्याच दिवशी तुटून पडतात आणि शेठला तुमच्याशी दोन शब्द बोलायला वेळ नसतो. नवीन माणसाला भाव मिळतो तो शेठ निवांत असताना.

निघण्याआधी एक फोन

व्यापाऱ्याला सरळ विचारा: "शेठ, तुमचं दुकान कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद? मला हवा तो माल आज गोदामात आहे की यायचाय? आणि माल तुम्ही ट्रान्सपोर्टला पोचवता की मी हमाल करायचा?"

ट्रान्सपोर्टवाल्याला "माल कधी पोचेल?" असं विचारलं की तो "पोचेल ना साहेब, दोन दिवसांत" असंच म्हणणार. त्याला विचारा, "गाडी मुंबईतून कधी सुटणार?" शुक्रवारी संध्याकाळी दिलेला माल सोमवारपर्यंत गोदामात पडून राहू शकतो आणि तुम्ही इकडे गिऱ्हाइकाला उद्याचे वायदे देत बसता.

तरीही १५ ला मुंबईत असाल तर?

लग्नाला आलात, पाहुण्यांकडे आलात, होतं असं. मग खरेदीचा हट्ट सोडा आणि बाजार वाचा. होलसेल बंद असला तरी मॉल आणि मोठी रिटेल दुकानं त्या दिवशी सेल लावून बसलेली असतात. तुमच्यासारखाच माल तिथे किती रुपयांना विकला जातोय, पॅकिंग कसं आहे, गिऱ्हाईक कोणती वस्तू हातात घेऊन परत ठेवतंय, हे दोन तास उभं राहून बघा. ही माहिती फुकट आहे.

लोकल त्या दिवशी सुट्टीच्या वेळापत्रकाने धावतात आणि रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणून हाताशी जास्तीचा वेळ ठेवा. संध्याकाळी सीएसएमटीची तिरंगी रोषणाई बघायला लोक लोटतात. तुम्हीही जरूर बघा, पण सामान घेऊन टॅक्सीने तिथून निघायचा बेत त्या वेळी करू नका.

आजचा गृहपाठ

कॅलेंडर घ्या आणि २ ऑक्टोबर शोधा. यंदा शुक्रवारी आहे, पुढे शनिवार-रविवार, आणि ८ नोव्हेंबरला दिवाळी. तुमच्या दिवाळीच्या खरेदीची तारीख आजच वहीत लिहा, शेजारी परतीच्या तिकिटाची तारीख आणि खाली फेरीचा अंदाजे खर्च. या तीन ओळी मी २०१५ ला लिहिल्या असत्या, तर भिशीच्या पैशांचा हिशेब घरी मान वर करून दिला असता.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. हिशेब लिहीत राहा, धंदा वाढवत राहा!