जिमी हॉफा बेपत्ता प्रकरण

जिमी हॉफा बेपत्ता प्रकरण हे अमेरिकेतील उकल न झालेल्या गुन्हेगारी प्रकरणांपैकी एक आहे. कामगार नेते जेम्स रिडल हॉफा (जन्म : १४ फेब्रुवारी, १९१३) हे ३० जुलै, १९७५ रोजी मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहराजवळून नाहीसे झाले. त्यांची हत्या झाली असावी असे मानले जाते. तथापि त्यांचा मृतदेह सापडलेला नाही व या प्रकरणी कोणावरही हत्येचा खटला चाललेला नाही.

पार्श्वभूमी

हॉफा हे १९५७ ते १९७१ या काळात ट्रकचालकांच्या 'टीमस्टर्स' या बलाढ्य संघटनेचे अध्यक्ष होते. संघटनेच्या निवृत्तिवेतन निधीतून लास व्हेगासमधील जुगारगृहांना कर्जे दिली गेल्याने माफिया टोळ्यांना या संघटनेत मोठा रस होता. ज्युरीवर दबाव आणणे व फसवणूक या गुन्ह्यांत १९६४ मध्ये दोषी ठरलेले हॉफा १९६७ मध्ये तुरुंगात गेले. डिसेंबर १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी त्यांची शिक्षा कमी केली. मात्र मार्च १९८० पर्यंत संघटनेच्या कामात भाग न घेण्याची अट घातली. तरीही हॉफा अध्यक्षपद परत मिळविण्याच्या प्रयत्नात होते. माफियांना हे पुनरागमन नको होते, हाच हत्येमागील हेतू असावा असे तपासकर्त्यांचे मत आहे.

घटना

त्या दिवशी दुपारी हॉफा ब्लूमफील्ड टाउनशिपमधील 'माकस रेड फॉक्स' या उपाहारगृहाजवळ अँथनी जाकलोनी व अँथनी प्रोव्हेन्झानो या माफियाशी संबंधित दोघांना भेटणार होते. कोणीच आले नसल्याचे त्यांनी पत्नीला दूरध्वनीवरून कळविले. त्यानंतर ते परतले नाहीत. त्यांची मोटार वाहनतळावरच आढळली. अशी भेट ठरली असल्याचे त्या दोघांनीही नाकारले.

तपास

ग्रँड ज्युरीसमोर आलेल्या अनेक साक्षीदारांनी राज्यघटनेतील पाचव्या दुरुस्तीचा आधार घेऊन उत्तरे देण्यास नकार दिला. १९८२ मध्ये हॉफा यांना कायद्याने मृत घोषित करण्यात आले. संशयित मोटारीत मिळालेला एक केस हॉफांचा असल्याचे २००१ मध्ये डीएनए चाचणीतून दिसून आले. परंतु आरोप ठेवण्यास तो पुरावा अपुरा ठरला. एफबीआयने २००६ मध्ये मिशिगनमधील एका अश्वपालन केंद्रात उत्खनन केले, तेही निष्फळ ठरले.

फ्रँक शीरन यांनी हत्येची कबुली दिल्याचा दावा २००४ मधील एका पुस्तकात आहे. त्यावर मार्टिन स्कोर्सेसी यांचा 'द आयरिशमन' (२०१९) हा चित्रपट आधारित आहे. शीरन यांनी सांगितलेल्या घरातील रक्ताचे नमुने मात्र हॉफांच्या डीएनएशी जुळले नाहीत.