माहूर: गडाच्या खाली उतरल्यावर

माहूर म्हटलं की रेणुकामाता. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. पायऱ्या चढायच्या, दर्शन, विड्याचा प्रसाद, फोटो, की परत एसटी! नांदेडला शिकणाऱ्या माझ्या पुणेकर मावसबहिणीनं पहिल्यांदा हेच केलं. दुसऱ्या खेपेला मात्र ती मैत्रिणीबरोबर निघाली खाली, जंगलाकडे.

फेब्रुवारीची अखेर. सागाची पानं झडलेली, पळस लालभडक. पैनगंगेपलीकडे विदर्भ. एका तांड्यावर आजींनी चहा पाजला. "पुण्याहून? लई लांबून आली गं माय!" आजी हिच्याशी मराठीत बोलत, सुनेशी गोरमाटीत. पुढे कोलामांच्या पोडावर तर एक शब्दही कळेना. पासपोर्ट न काढताच मॅडम फॉरेनर!

यात नवल नाही. 1956 पर्यंत हा पट्टा हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. गोंडी आणि कोलामी तेलुगूच्या कुळातल्या, द्रविड भाषा. गोरमाटीचं नातं थेट राजस्थानीशी. आपण मात्र फ्रेंचचा क्लास लावतो, असो.

पोडावर आजोबा कोलामीत विचारत होते, शाळकरी नातू उत्तरं मराठीत देत होता. पळसाला तुमच्यात काय म्हणतात, असं हिनं त्याला विचारलं. तो क्षणभर थांबला, मग आजोबांकडे बघायला लागला.

तुम्ही जाणार असाल तर गावातलं कुणीतरी सोबत घ्या, पाणी भरपूर ठेवा. कॅमेरा काढण्याआधी विचारा. आणि परतीची शेवटची एसटी कितीची, ते सकाळीच स्टँडवर विचारून घ्या!