उद्या वेताळाला लोकलने न्यायचंय

डिसेंबरातला शुक्रवार. उद्यापासून दोन दिवस गोरेगावच्या प्रदर्शन केंद्रात कॉमिक कॉन आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाटला पहिल्यांदा भरलेला हा मेळा पुढे मुंबईत आला आणि इथलाच झाला. कॉमिक्स, अ‍ॅनिमे, गेम आणि अद्भुतकथांवर जीव टाकणारी पोरं आपल्या आवडत्या पात्राचा वेष करून तिथे येतात. त्यातल्या काहींचे वेष डोंबिवलीत, माझ्या दोन खोल्यांत तयार होतात. एरवी मी ब्लाउज आणि ड्रेस शिवते. त्याआधी व्यावसायिक नाटकाचा कपडेपट सांभाळला. मेळा जवळ आला की ब्लाउजवाल्यांना पुढची तारीख देते आणि राजे, राक्षस, पऱ्या हातात घेते.

पहाटे ५.३०

पहिलं काम चिकटवण्याचं. चिलखतं, शिंगं, मुकुट सगळं ईव्हीए फोमचं असतं. जिमच्या जमिनीवर अंथरतात तोच हा फोम. दागिन्यांना दोन मिलिमीटर, छातीच्या पत्र्याला पाच, तलवारीला दहा. जोडायला एसआर, म्हणजे रबरी गोंद. दोन्ही कडांना पातळ हात मारायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि बोटाला चिकटेनासं झालं की नेमकं जुळवून दाबायचं. एकदा बसलं की सरकवता येत नाही. वास डोक्यात जातो, म्हणून हे काम गॅलरीत करते. आज सकाळी चिकटवलेलं उद्यापर्यंत पक्कं होतं आणि वासही उडून जातो. हेच रात्री केलं, तर घालणारा दिवसभर तोच वास हुंगत फिरेल.

मखराच्या सवयीने काही जण अजून थर्माकोल घेऊन येतात. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलला बंदी आहे, आणि नसती तरी इथे तो कामाचा नव्हता. एसआरमधलं द्रावक लागलं की थर्माकोल विरघळून खड्डा पडतो.

सकाळी ७.००

चहा आणि यादी. वेळापत्रक मी शेवटाकडून लिहायला घेते. मेळ्यातल्या वेषभूषा स्पर्धेची नोंदणी कधी, त्याआधी रंगभूषेला किती वेळ, त्याआधी प्रवास किती, असं मागे मागे येत अलार्मपर्यंत पोचायचं. मेळ्याच्या जागेजवळचं स्टेशन राम मंदिर. तिथे फास्ट गाडी थांबत नाही, म्हणजे दादरला उतरून पश्चिमेची स्लो पकडायची. गर्दी वाढायच्या आत विक्रम राजाचा वेताळ दादरच्या पुलावरून गेला पाहिजे. पंख आणि शिंगं सोसायटीतल्या एकांच्या गाडीतून जातील. वेताळाला मात्र गाडीत जागा उरलेली नाही.

सकाळी ८.३०

"ताई, दहा मिनिटंच आहेत हं, नऊची गाडी पकडायचीय."

हा आमचा विक्रम राजा. ठाण्याला बँकेत आहे. लहानपणी आजोबांनी जपून ठेवलेल्या 'चांदोबा'च्या अंकांवर वाढला. त्याला कुठल्या परदेशी मालिकेतला योद्धा व्हायचं नव्हतं. त्याने मला एक चित्र दाखवलं: उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारं, वेताळ शिरलेलं प्रेत आणि तरीही ताठ चालणारा राजा. चित्रकार शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन. २०२० साली, सत्त्याण्णवाव्या वर्षी ते गेले. वेताळाच्या मूळ गोष्टी पंचवीस, पण 'चांदोबा'ने त्यात अंकामागून अंक भर घातली आणि प्रत्येक वेळी हा राजा नव्याने झाडाकडे परत गेला.

चित्रात प्रेताला वजन नसतं, आम्हाला ते असतं. वेताळ नुसता खांद्यावर टाकला तर तासाभरात मान आखडते. म्हणून एक जुनी ट्रेकिंगची सॅक उसवली. तिचे खांद्याचे आणि कमरेचे पट्टे ठेवले आणि वेताळ त्या पट्ट्यांवर शिवला. कमरेचा पट्टा आवळला की बराचसा भार खांद्यावरून कमरेवर उतरतो. हरिश्चंद्रगड चढलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. वेताळाच्या पोटात उशीत भरतात तो हलका कापूस आहे, डोकं पोकळ फोमचं, हातपाय मुद्दाम सैल, म्हणजे राजा चालला की ते झुलतील.

अंगरख्याच्या दोन्ही कुशींना माया ठेवली आहे. लग्नसराईत बँकेतला माणूस कधी फुगेल ते सांगता येत नाही.

सकाळी ११.००

गर्दी ओसरल्यावर मशीद बंदरला उतरून भुलेश्वर. जरीची किनार, मोत्यांचे सर, खोटे खडे आणि रुंद इलॅस्टिक. इथले दुकानदार कधी काही विचारत नाहीत. नवरीचे दागिने, देवाचे मुकुट आणि नाटकातल्या राजाचे बाजूबंद एकाच गल्लीत मिळतात. मी मात्र दुकानाच्या दिव्याखाली खडा पाहत नाही, रस्त्यावर घेऊन जाते. दिव्याखाली सगळंच चमकतं.

दुपारी २.००

जेवण उरकून रंगकाम. फोमची छिद्रं रंग पिऊन टाकतात, म्हणून आधी हीट गन फिरवायची. पृष्ठभाग किंचित चकाकला की छिद्रं मिटली. मग पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन-तीन हात, प्रत्येक हात वाळू देऊन. सोनेरी रंग थेट मारला की दागिना जत्रेतल्या खेळण्यासारखा दिसतो. आधी गडद तपकिरी द्यायचा. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर सोनेरी घासायचा. खाचांत तपकिरी राहतो आणि सोनं जुनं वाटायला लागतं. नाटकात हे प्रकाशयोजना सांभाळून घेते. मेळ्यात बघणारा हातभर अंतरावर उभा असतो आणि त्याच्या हातात कॅमेरा असतो.

दुपारी ४.००

कॉलेजातली मुलगी आणि तिची आई. मुलीला मॅलेफिसंट व्हायचंय: डिस्नेच्या १९५९ च्या 'स्लीपिंग ब्युटी'तली शिंगांची जादूगारीण, जिच्यावर २०१४ मध्ये अँजेलिना जोलीचा स्वतंत्र चित्रपट आला. मुलगी पंखांची लांबी विचारते, आई विचारते बाथरूमला कसं जायचं. मला आईचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

म्हणून झग्याला पाठीऐवजी बाजूने चेन आहे, पंख बकलने सुटतात आणि कुणाच्या मदतीशिवाय उतरवता येतात. पंखांचा सांगाडा बारीक पीव्हीसी पाइपचा, त्याला मधोमध कपाटाच्या दाराची बिजागरी. मिटलेले असताना ते खांद्यांच्या रुंदीबाहेर जात नाहीत, फोटोपुरते उघडायचे. शिंगं पोकळ आहेत आणि घट्ट टोपीवर शिवलेली आहेत, विग त्यावरून येतो. हेअरबँडवर बसवली असती तर दुपारपर्यंत कानामागे ठणका लागला असता.

"हिच्यासोबत कोणीतरी असायला हवं," मी आईला सांगते. "पाण्याची बाटली धरायला, मागे बघायला."

"मीच जाते की," आई म्हणाली. मुलीने डोळे मोठे केले, पण नाही म्हणाली नाही.

संध्याकाळी ६.००

रंग वाळेपर्यंत मेळ्याची नियमावली पुन्हा वाचते. असले नियम कोणाच्या तरी प्रतापातून जन्मलेले असतात. १९७२ च्या वर्ल्डकॉनमध्ये, म्हणजे विज्ञानकथावाल्यांच्या जागतिक मेळाव्यात, एक कलाकार अंगभर शेंगदाण्याचं लोणी फासून मंचावर आला. दिव्यांच्या उष्णतेत ते वितळलं, वास सुटला आणि शेजाऱ्यांच्या पोशाखांना डाग पडले. तेव्हापासून तिकडच्या वेषभूषा स्पर्धांत शेंगदाण्याच्या लोण्याला मज्जाव आहे.

वेष करून मेळ्याला जायची परंपरा त्याहून जुनी. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या पहिल्या वर्ल्डकॉनला फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यकाळातल्या माणसांच्या वेषात गेले. पहिला कॉसप्लेअर, म्हणजे पात्राचा वेष करणारा, म्हणून बहुतेक वेळा अ‍ॅकरमनचंच नाव घेतात. दोघांचेही पोशाख मात्र डग्लसबाईंनी केले होते. शिवणाऱ्याचं नाव मागे पडायची रीत तिकडेही आहे, एवढं समजून मी पुन्हा सुई हातात घेते.

संध्याकाळी ७.३०

विक्रम बँकेतून परत. त्याला घरातली खरी तलवार न्यायची होती. प्रवेशद्वारावर हत्यारं तपासतात आणि धातूचं पातं आत सोडत नाहीत. आमची तलवार फोमची, आत पाइप, टोक बोथट. दहा पावलांवरून तिच्याबद्दल कोणी शंका घेणार नाही.

मग स्पर्धेच्या गटाचा वाद. कॉमिक्स, अ‍ॅनिमेशन, मांगा-अ‍ॅनिमे, विज्ञानकथा-अद्भुतकथा आणि गेम असे गट असतात. राजा अद्भुतकथेतला, पण आपला आधार मासिकातलं चित्र. माझं मत अद्भुतकथेचं. परीक्षक आधी मूळ चित्र मागतात आणि पोशाख त्याच्याशी ताडून पाहतात. चित्राची मोठी प्रत छापून घेतली आहे. गट कुठलाही असो, 'चांदोबा' माहीत नसलेल्या परीक्षकाला ती दाखवावीच लागेल.

रात्री ९.००

रंगीत तालीम, इमारतीच्या पॅसेजमध्ये. प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं, उठायचं, एक मजला चढायचा, उतरायचा. स्ट्रॉने पाणी प्यायचं. खिशातला फोन स्वतः काढायचा. राजाचं धोतर शिवलेलं आहे, कमरेला इलॅस्टिक, त्यामुळे ते जिन्यात सुटणार नाही. जिना उतरताना वेताळाचे पाय राजाच्या पोटऱ्यांत अडकतात, हे आत्ता कळलं. दोन्ही घोट्यांना आतून टाके घालून ते आखूड केले. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा दार उघडून बघतात आणि विक्रमाला म्हणतात, "बोलू नकोस हो, नाहीतर हा परत झाडावर जाईल!"

आरशासमोर सगळेच पोशाख चांगले दिसतात. मी निकाल देते तो खुर्ची आणि जिना पाहून. कपडेपटात आम्हाला तीन अंकांपुरतं जपावं लागायचं, मधे मध्यंतर असायचं, विंगेत माणूस उभा असायचा. इथे पात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत गर्दीतच असतं.

रात्री ११.००

बांधाबांध. आधी लागणारं सगळ्यात वर. दुरुस्तीच्या डब्यात: दोरा ओवलेल्या सुया, सेफ्टी पिना, वेल्क्रो, दुहेरी टेप, ग्लू गन, फोमचे तुकडे, त्याच छटेच्या रंगाच्या लहान बाटल्या, केसांच्या पिना, जादा मोजे, ओआरएसची पाकिटं. वेताळाला जुन्या चादरीत गुंडाळायचं आणि डोकं बाहेर ठेवायचं. नाहीतर डब्यातले लोक भलतीच शंका घ्यायचे. मोबदल्याची चिठ्ठीही आजच लिहिते. सामान आणि मजुरी वेगवेगळ्या ओळींवर, कारण फोमचा भाव गिऱ्हाईक फोनवर शोधतं, टाक्यांचा भाव त्याला कुठे सापडत नाही.

उद्या मेळ्याला याल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. फोटो काढण्याआधी विचारा. पंख, शेपूट, विग यांना हात लावू नका, ते कुणीतरी रात्र जागून जोडलेले असतात आणि आत एक माणूस असतो. आणि पुढच्या वर्षी स्वतः वेष करायचा असेल, तर सुरुवात फोमच्या दुकानातून करू नका. आधी ठरवा की त्या वेषात बसणार कसं, पाणी पिणार कसं आणि घरी येणार कशाने. बाकीचं आम्ही शिवून देऊ.