भंगार कुणाचं? सफाईच्या धंद्यात रिसायकलिंग परवडतं का?

एपिसोड ऐकायचा राहून गेला असेल, किंवा एसटीत बसल्यावर हेडफोन घरीच राहिल्याचं लक्षात आलं असेल, तर हा घ्या त्याचा वाचायचा अवतार. बोललेलं थोडं आवरून लिहिलंय, बाकी गप्पा त्याच.

सुरुवात एका व्हॉइस मेसेजपासून. बीडचा एक श्रोता, वय बावीस-तेवीस. तो आणि त्याचे दोन मित्र सफाईची कामं घेतात. मंगल कार्यालयं, कोचिंग क्लास, एखादा दवाखाना. तो म्हणतो, “दादा, एक लग्न झालं की ट्रॉलीभर कचरा निघतो. मालक म्हणतो, उचला आणि न्या. आम्ही नेतो आणि गावाबाहेर टाकून येतो. बरं वाटत नाही. पण रिसायकलिंग करायचं म्हटलं तर परवडेल का?”

प्रश्न एकदम रोखठोक आहे. म्हणून उत्तरही तसंच देतो: परवडतं, पण नुसत्या भंगाराच्या पैशावर नाही. कसं ते बघू.

आधी हिशेब

समजा, पाचशे माणसांचं लग्न आहे. प्रत्येकाने पाण्याच्या दोन छोट्या बाटल्या संपवल्या. झाल्या हजार बाटल्या. अर्ध्या लिटरची रिकामी बाटली साधारण दहा ग्रॅमची. म्हणजे हजार बाटल्या मिळून दहा किलो. भंगारवाल्याने किलोला वीस रुपये दिले असं धरू, भाव तर रोज बदलतो. हातात आले दोनशे रुपये.

आता या हजार बाटल्या उष्ट्या पत्रावळ्यांतून वेचायच्या, उरलेलं पाणी ओतायचं, चेपायच्या, पोत्यात भरायच्या आणि दुकानापर्यंत न्यायच्या. दोन माणसांचा अर्धा दिवस गेलाच. दोनशे रुपयांत कुणाची मजुरी निघणार?

म्हणूनच बहुतेक जण प्रयत्न करतात आणि महिन्याभरात सोडून देतात. त्यांची चूक प्रामाणिकपणात नसते, हिशेबात असते. वेगळं करणं हे काम आहे, आणि कामाचे पैसे भंगारातून नाही, ग्राहकाकडून घ्यायचे असतात. ही गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यात चांगली कुणाला कळली असेल तर ती पुण्याच्या कचरावेचक बायकांना. त्यांच्या गोष्टीचा एक धागा आपल्या मराठवाड्यातूनच जातो, बरं का.

दुष्काळातून पुण्यात

१९७२ चा दुष्काळ घरातल्या आजी-आजोबांना विचारा. त्या काळात मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबं पुण्या-मुंबईकडे गेली. शेत नाही, शिक्षण नाही, ओळख नाही. त्यातल्या अनेक बायकांच्या, विशेषतः दलित बायकांच्या, वाट्याला कचराकुंडी आली. कुंडीत हात घालून कागद, काच, पत्रा वेचायचा आणि भंगाराच्या दुकानात विकायचा. लोक त्यांच्याकडे संशयाने बघायचे, पोलीस हटकायचे.

एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातून लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने या दोघी या बायकांबरोबर काम करू लागल्या. १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. हमालांना संघटित करणारे बाबा या बायकांना सांगत होते की तुम्हीही कामगारच आहात. पुढे त्यांना महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळाली. गळ्यात कार्ड आलं आणि “चोर” म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं.

मग झाला एक अभ्यास, २००१ साली. त्यातून दिसलं की एक कचरावेचक दर महिन्याला महापालिकेसाठी साधारण २४६ रुपयांचं काम फुकट करते. कारण तिने वेचलेला माल महापालिकेला उचलावा, वाहावा आणि टाकावा लागत नाही. म्हणजे शहर त्यांच्यावर उपकार करत नव्हतं, त्याच शहराचे पैसे वाचवत होत्या.

कुंडीतून दारात

२००० साली केंद्राचे घनकचऱ्याचे नियम आले. त्यात घरोघरी जाऊन कचरा गोळा करायला सांगितलं होतं. आता इथे धोका बघा. हे काम ठेकेदाराच्या गाड्यांना गेलं असतं, तर कुंडीत माल उरला नसता आणि या बायकांची रोजीच गेली असती. नियम चांगला, पण गरिबाच्या पोटावर पाय देणारा.

त्यांनी उलटी मागणी केली: दारातून कचरा आम्हीच उचलतो. त्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. मालकी कचरावेचकांचीच. आज साडेतीन हजारांच्या आसपास सभासद पुण्यात लाखो घरांतून कचरा घेतात.

यांची कमाई दोन खिशांत येते. एका खिशात प्रत्येक घराकडून महिन्याची ठरलेली फी. दुसऱ्या खिशात सुका माल विकून आलेले पैसे, आणि त्या मालावर हक्क वेचणारीचाच. महापालिका त्यांना पगार देत नाही.

दोन खिसे का हवेत? भंगाराचा भाव पडला तर फी तारते. आणि माल स्वतःचा असल्यामुळे प्रत्येक बाटली, प्रत्येक पुठ्ठा वेगळा काढायला कारण मिळतं. याउलट ज्या ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात, तो वेगळं कशाला करेल? त्याला वजन हवं. ओला-सुका एकत्र कोंबला की वजन वाढतं. पैसे कसे द्यायचे हे ठरलं की पुढे कचऱ्याचं काय होणार तेही ठरून जातं.

हे सगळं पक्कं झालंय असं मात्र समजू नका. २०२० च्या शेवटी करार संपला, तेव्हा काम खासगी कंपनीला द्यायची चर्चा सुरू झाली. बायकांना परत रस्त्यावर उतरावं लागलं, पुणेकर नागरिकही त्यांच्या बाजूने बोलले, तेव्हा काम टिकलं.

जे विकलं जात नाही त्याचं काय?

कचऱ्यातला मोठा भाग, साधारण निम्मा किंवा जास्तच, ओला असतो. तो डेपोत दाबला गेला की हवेशिवाय सडतो आणि मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटीहून जास्त तापवतो. वास, माश्या, आगी आणि खराब पाणी म्हणजे काय, ते पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं भोगलंय.

दुसरं म्हणजे चिप्सचं पाकीट. आत चकचकीत ॲल्युमिनियम, बाहेर प्लास्टिक, असे थर एकमेकांना चिकटलेले. ते सुटे होत नाहीत, वजनही काही नाही. भंगारवाला हात लावत नाही.

आणि तिसरं, सॅनिटरी पॅड. बायका उघड्या हाताने ते वेगळे करत होत्या. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेले पॅड पिशव्यांत भरून थेट बनवणाऱ्या बड्या कंपन्यांकडे परत पाठवले. बनवलंत तुम्ही, तर जबाबदारीही घ्या! २०१६ च्या नियमांत तर लिहिलंच होतं की पॅड गुंडाळून टाकायला कंपनीने पाकिटातच पिशवी द्यावी. ‘स्वच्छ’ची साधी विनंतीही लक्षात ठेवा: पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. उचलणारीला उघडून बघायची वेळ येत नाही.

मग बीडच्या मित्रांनी काय करायचं?

एक, मालकाशी बोलताना दर दोन भागांत सांगा: सफाईचे एवढे आणि कचरा वेगळा करून योग्य जागी लावण्याचे एवढे. शिवाय सुका माल आमचा, हे आधीच ठरवून घ्या. भंगाराचे दोनशे रुपये मजुरी म्हणून परवडत नाहीत, पण मजुरी निघाल्यावर बोनस म्हणून नक्की परवडतात.

दोन, वेगळं करायचं ते जेवणाच्या वेळीच, नंतर नाही. पंगतीच्या तोंडाशी तीन पिंप ठेवा: उष्टं, बाटल्या, बाकीचं. तिथे एक माणूस उभा करा. एकदा रद्दी-पुठ्ठ्यावर वरण सांडलं की त्याची किंमत शून्य. कागदी कप मात्र रद्दीत टाकू नका, त्याला आतून प्लास्टिकचा थर असतो.

तीन, उष्टं खड्ड्यात किंवा वाफ्यात खत करायला लावा. उरलेलं चांगलं अन्न माणसांसाठी आधीच बाजूला काढा.

चार, दवाखान्यात सुया, बँडेज, सलाईनच्या नळ्या यांना हात लावायचा नाही. त्यांचे नियम वेगळे, रंगीत पिशव्या वेगळ्या, आणि तो माल फक्त परवानगी असलेल्या संस्थेकडेच जातो. भंगारात तर कधीच नाही.

पाच, पाणी. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यात पाइप सोडून फरशी धुणं शोभत नाही. आधी कोरडं झाडा, मग बादली आणि मॉप. फिनेल मोठ्या कॅनमधून घ्या, त्याच बाटल्या परत भरा.

आणि शेवटचं. तुमच्या गावात आधीपासून भंगार वेचणारी माणसं आहेत, मोंढ्याच्या मागे, स्टँडजवळ. त्यांचा माल हिसकावून तुमचा धंदा ‘हिरवा’ होत असेल तर तो कसला हिरवा? त्यांना सोबत घ्या. कुठला माल कोण घेतं, काय भाव आहे, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तुमच्या गावात बाटल्या, पुठ्ठा, पत्रा काय भावाने जातो? परळी, गेवराई, अंबाजोगाई, आष्टी, कुठूनही व्हॉइस मेसेज पाठवा. पुढच्या वेळी तुमचेच भाव घेऊन बसू. तोपर्यंत, ओला वेगळा, सुका वेगळा. भेटू!